पाटीच्या पलीकडे कोण होतं

ऑक्टोबर आला की माझ्या उजव्या हाताला दगडाचं वजन आठवतं. मुठीत मावेल एवढा, एका बाजूनं डांबर लागलेला, रस्त्याकडेच्या खडीतून उचललेला. तो मी मारला. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण मी पत्रकं लिहून लिहायला शिकले आणि पत्रकात मुद्दा पहिल्या ओळीत यावा लागतो. खाली गेला की लोक कागदात भजी बांधतात. दोन वर्षांपूर्वी मांजरीत, पुण्याला लागून असलेल्या माझ्या गावात, टाइल्सच्या एका दुकानाच्या पाटीवर मी दगड मारला. पाटी फुटली आणि पाटीमागे शिडीवर उभ्या असलेल्या संपतकाकांचा डावा डोळा गेला. त्याचा खटला दिवाळीनंतर उभा राहतोय. आरोपी दुकानाचे मालक महेंद्रजी आहेत. त्यांनीच आपल्या माणसांकडून आमच्या मोर्चावर दगडफेक करवली असं एका पत्रकात छापून आलं होतं. ते पत्रकही मीच लिहिलं होतं.

पुण्यात ऑक्टोबर हा पावसाळ्याचा सूड असतो. चार महिने ओली राहिलेली जमीन एकदम तापते, तिच्यातून वाफ निघते, आणि दुपारी दोनला माणूस माणसाच्या अंगावर धावून जायला कारण शोधत असतो. मांजरीत उसाला तुरे यायला लागतात. उरलाय तेवढ्या उसाला. बाकीच्या रानात बारा-बारा मजले उभे राहिलेत आणि त्यांच्या पायाशी टाइल्स, नळ, पडदे, सोफे विकणारी दुकानं. आमचं गाव शहरात घातलं तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. ग्रामपंचायतीच्या कचेरीवरची पाटी एका सकाळी उतरवली, तिच्या जागी दुसरी आली. पाणी आलं नाही, पाटी आली. मी तेव्हा कृषी महाविद्यालयात होते. राग कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. मराठीसाठी भांडणाऱ्या एका संघटनेच्या दादांनी जागा दाखवली: दुकानांच्या पाट्या बघ, म्हणाले, एक तरी मराठीत आहे का.

नव्हत्या. हा राग खोटा नव्हता, आजही नाही. ज्या गावात बापजाद्यांनी नांगर धरला तिथं दुकानाचं नाव वाचायला आजीला नातवंडं लागावीत, हा अपमानच आहे. अपमानाला औषध पाहिजे हे मला पटतं. आम्ही औषध म्हणून काय दिलं, ते मात्र सांगते.

गणपती संपले की कार्यकर्ते मोकळे होतात. हातांना मांडवाची, दोरांची, ओरडण्याची सवय झालेली असते आणि समोर काही नसतं. तोच आमचा पाट्यांचा मोसम. काळ्या रंगाचे डबे, झाडूचे ब्रश, टेम्पो, एक कॅमेरावाला. गॅलरीतून बघणारे काका-काकू. शहरातल्या जुन्या पेठांत एकदा आम्ही एका मिठाईच्या दुकानाला काळं फासलं, तेव्हा समोरचे आजोबा खाली उतरून आले. मला वाटलं रागावणार. म्हणाले, "उत्तम केलंत. आता हा रंग कोण पुसणार आहे, आपण की तेच? नाही, मी सकाळी फिरायला जातो, थेंब पायाला लागतो." आम्ही खूप हसलो. हसण्यासारखं होतंच. पण त्यांना हिंसेची अडचण नव्हती, डागाची होती, हे मला पुष्कळ नंतर समजलं. तोवर मीही तशीच झाले होते.

त्या दिवशी टेम्पोत दादांना फोन आला. महेंद्रजींचा. आवाज मोठा होता, आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "दादा, मराठी पाटी करून आणली हो. आज बसवतोय. माणूस बोलावलाय, दुपारपर्यंत होईल. तुम्ही चहाला या."

दादांनी फोन ठेवला. कुणीतरी म्हणालं, मग दुसरं दुकान धरू. दादा म्हणाले, "कार्यक्रम ठरलाय. कॅमेरा बोलावलाय. आता काय, माफ करा म्हणून चहा पिऊन यायचं?"

टेम्पोत हशा झाला. मीही हसले.

दुकानावर जुनी पाटी होती तशीच होती, इंग्रजी, आतून दिवे लावलेली, दहा फूट लांब. तिच्या मागच्या पोकळीत शिडी होती आणि शिडीवर संपतकाका जुन्या पाटीचे स्क्रू सोडवत होते. खालून दिसत नव्हते. घोषणा सुरू झाल्या तेव्हा ते हाक मारत होते म्हणे, थांबा रे, मी हाय. घोषणा मोठ्या होत्या. दगड मी तिसऱ्या घोषणेला मारला. काचेसारखं ते प्लास्टिक फुटतं तेव्हा आवाज काचेचा येत नाही, हाड मोडल्यासारखा येतो. मग शिडी पडली, तिच्याबरोबर माणूस पडला, आणि नवीन मराठी पाटी, जी भिंतीला टेकवून ठेवली होती, तिच्यावर रक्त उडालं. संपतकाकांनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. बोटांच्या फटीतून जे येत होतं ते नुसतं लाल नव्हतं.

संपतकाकांना मी लहानपणापासून ओळखत होते. फ्लेक्स येण्याआधी मांजरीतल्या दूध डेअरीपासून तालमीपर्यंत सगळ्या पाट्या त्यांच्या हातच्या. आमच्या शाळेच्या भिंतीवरची मुळाक्षरं त्यांची. त्या भिंतीवर बोट फिरवून मी 'ळ' काढायला शिकले. ब्रशचं काम संपलं तसे ते पाट्या बसवायला लागले. मराठीसाठी मी फोडलेला डोळा हा गावात मराठी सगळ्यात सुंदर लिहिणाऱ्या माणसाचा होता.

कुणी पाहिलं नाही असं नाही. शेजारी उभ्या असलेल्यांनी पाहिलं; कॅमेरा घोषणा देणाऱ्या दादांवर होता. पण पोलिसांनी विचारलं तेव्हा मुलांकडे बोट दाखवायचं सगळ्यांनी टाळलं आणि माझ्याकडे बोट दाखवावं हे पोलिसांच्या डोक्यात आलं नाही. मुलगी दगड मारेल, तोही नेमका? एरवी या गोष्टीवर मी दोन पानी पत्रक काढलं असतं. त्या दिवशी गप्प बसले. संध्याकाळी दादा म्हणाले, "आपला माणूस जखमी झालाय. कुणी केलं हे आज आपण सांगितलं नाही तर उद्या ते सांगतील. लिही." मी लिहिलं. शीर्षक मोठ्या टायपात: मराठी कामगाराचा डोळा फोडला. त्याखाली महेंद्रजींचं नाव. वीस मिनिटं लागली. मला खाडाखोड करावी लागली नाही.

दोन दिवसांनी महेंद्रजींना धरून नेलं. जामिनावर सुटले तोवर दुकानाच्या काचा, माल, संगमरवराचे नमुने, सगळं लोकांनी फोडून रस्त्यावर टाकलं होतं. त्या चुऱ्यावरून आठवडाभर गाड्या जात होत्या, कर्रर्र आवाज करत.

त्यानंतर सहा महिन्यांनी मी फिनलंडला गेले. शिकाऊ म्हणून, काचघरातल्या शेतीसाठी, भाजीपाला पिकवायला. सगळ्यांना सांगितलं संधी आली. पळून गेले, हे खरं.

समुद्राकाठचं ते गाव आपल्याकडच्या दोन मोठ्या सोसायट्यांत मावेल एवढं. सपाट काळी शेतं, मधे मधे भूर्जाची झाडं, लाल रंगाची लाकडी घरं, आणि काचघरं. काचघरांत हिवाळ्यात दिवे लावतात, टोमॅटोला ऊन वाटावं म्हणून, आणि मग दुपारी चारला आभाळ नारिंगी होतं, कुठंतरी आग लागल्यासारखं. गावाला दोन नावं आहेत, एक फिनिश, एक स्वीडिश. मी दोन्ही इथं लिहीत नाही. तिथल्या माणसांना तिथं राहायचंय. गावाच्या सीमेवर रस्त्याकडेला पाटी आहे, तिच्यावर दोन ओळी. जी भाषा बोलणारे जास्त, तिचं नाव वर. सरकारकडे प्रत्येकाची मातृभाषा लिहिलेली असते. काही वर्षांनी ती मोजतात आणि उलटं झालं असेल तर पाटी उलटी करतात. बस. मोर्चा नाही, टेम्पो नाही.

परत आल्यावर पुण्यात एका छोट्या सभागृहात माझं भाषण ठेवलं होतं: दोन भाषांचं सुखी गाव. विषय मी दिलेला नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त सरांनी शेवटी विचारलं, "म्हणजे तिकडे भांडणं नाहीतच म्हणा की."

"एक कुत्रं मेलं," मी म्हणाले.

सर म्हणाले, "अहो, आपल्याकडे रोज मरतात." लोक हसले. चहा आला. मला तेव्हा पुढचं सांगता आलं नाही, म्हणून आता सांगते.

माझ्या मालकाचं नाव योरान. साठीला आलेला, स्वीडिश बोलणारा, टोमॅटोच्या वेलाशी बोटांनी बोलावं तसं काम करणारा. शेजारी वेइक्को, फिनिश बोलणारा, डुकरं पाळणारा. दोघं तीस वर्षं एकत्र शिकारीला जात. बोलणं कसं चाले, तर योरान स्वीडिशमध्ये बोले, वेइक्को फिनिशमध्ये उत्तर देई. दोघांना दुसऱ्याची भाषा पूर्ण समजे, दोघांनी ती कधी तोंडात घेतली नव्हती. गावात पुष्कळांचं असंच होतं. मला आधी वाटलं किती हा ताठा. मग वाटलं, यात सोय आहे. कुणी कुणाच्या घरात शिरत नाही, दारात उभं राहून बोलतात.

त्या ऑक्टोबरात मोजणीचा निकाल लागला आणि स्वीडिश खाली गेली. गुरुवारी सकाळी नारिंगी जाकिटातला एक माणूस आला, पान्यानं चार नट सोडवले, जुनी पाटी गाडीत टाकली, नवी लावली. फिनिश वर. वीस मिनिटं. मला वीस मिनिटांचा तो हिशेब तेव्हाही बोचला. योरान आणि मी टोमॅटोचे खोके घेऊन तिथूनच जात होतो. त्यानं गाडी थांबवली, काच खाली केली, बघितलं, काच वर केली. संध्याकाळी कात्री पुसता पुसता मला इंग्रजीत म्हणाला, "माझ्या आईच्या थडग्यावर गावाचं नाव आहे. तेच वर होतं." मी पत्रकवाली, मला अशा वाक्याचं काय करायचं ते लगेच सुचतं. मी म्हणाले, हा अन्याय आहे. तुम्ही गप्प का बसता? आमच्याकडे असतं तर. आमच्याकडे काय केलं असतं, ते मी त्याला अगदी तपशिलात सांगितलं. काळा रंग, टेम्पो. दगडाचंही सांगितलं. डोळ्याचं नाही.

शनिवारी एल्कची शिकार सुरू झाली. एल्क म्हणजे हरीण, पण घोड्याहून उंच, काठ्यांसारखे लांब पाय आणि लोंबत्या नाकाचं जड डोकं. गावाचं शिकार मंडळ आहे, त्यात दोन्ही भाषांची माणसं. वेइक्को मंडळाचा प्रमुख. त्याचं कुत्रं, मुस्ती, राखाडी, शेपटीचं वेटोळं केलेलं, जनावर शोधून काढून भुंकत राहायचं. त्याच्या गळ्यात पट्टा असतो, पट्ट्यात यंत्र, आणि कुत्रं कुठं आहे ते प्रत्येक शिकाऱ्याच्या फोनवर ठिपक्यासारखं दिसतं. नियमच आहे: गोळी झाडण्याआधी ठिपका बघायचा.

जमीन गोठलेली होती. पापडासारखी बुटाखाली मोडत होती. योरान आणि मी रस्त्याजवळ, रानाच्या कडेला, घडीच्या स्टुलांवर बसलो होतो; पाठीमागे शंभर पावलांवर ती नवी पाटी, तिच्या मागे लाल फळांची झुडपं. वायरलेसवर वेइक्को फिनिशमध्ये काहीतरी सांगायचा, योरान स्वीडिशमध्ये हूं करायचा. लांब मुस्ती भुंकत होतं, मग थांबलं. तासभर काहीच नाही. मग योरान उठला, वळला, बंदूक खांद्याला लावली आणि पाटीच्या वरच्या ओळीवर गोळी झाडली.

मी बघत होते. तो चिडलेला दिसत नव्हता. एखादा खिळा ठोकावा तसं केलं त्यानं. पत्र्याचा टण् आवाज आला, आणि पलीकडच्या झुडपात दुसरा आवाज, जो मी ओळखला. मांजरीत ऐकला होता. जिवंत काहीतरी फुटल्याचा.

फोन त्याच्या खिशात होता. त्यानं ठिपका बघितला नव्हता. आपण पाटीवर झाडतोय, जनावरावर नाही, म्हणून.

मुस्ती लगेच मेलं नाही. पोट फाटलं होतं, आणि ते आतलं बाहेर आलेलं तोंडानं परत आत ढकलायचा प्रयत्न करत होतं. योरान गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दुसरी गोळी घातली. वायरलेसवर वेइक्को विचारत होता, ठिपका का हलत नाही. योराननं सांगितलं, एल्क आलं होतं, चुकलं, कुत्रं मधे आलं. माझ्याकडे बघत सांगितलं. मी मान हलवली. त्या देशात कुणी मला काही विचारण्याच्याही आधी मी खोटी साक्ष देऊन बसले.

वेइक्को धावत आला. कुत्र्याला उचललं, जाकिटात गुंडाळलं, त्याचे हात कोपरापर्यंत भरले. आणि मग त्यानं एका हातानं योरानच्या खांद्यावर थोपटलं. होतं असं, म्हणाला. मी योरानचा चेहरा बघितला. मला वाटतं बुक्की बसली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या बाजूला एक एल्क पडलं. मी पहिल्यांदा एवढं मोठं जनावर सोलताना पाहिलं. पोट चिरलं की वाफेचा लोट निघतो, थंडीत माणसं हात त्यात शेकतात. आतडी बाहेर ओढतात, कातडं मुठींनी ठोकत ठोकत सोडवतात, करवतीनं छाती उघडतात. कुणी ओरडत नाही, कुणी तोंड फिरवत नाही. आमच्याकडे गोंगाटात मारतात, तिथं शांततेत. मला गोंगाटाची सवय होती, म्हणून ती शांतता मला चांगुलपणा वाटली होती. रक्ताला दोन्हीकडे वास तोच येतो, ओल्या लोखंडाचा.

रविवारी पाटीवरचं भोक लोकांना दिसलं. वरच्या नावाच्या मधोमध. कुत्र्याचा आणि भोकाचा संबंध कुणी लावला नाही. योरान खोटं बोलेल ही शक्यताच त्या गावाकडे नव्हती. फिनिश पोरं म्हणाली, हे स्वीडिश पोरांचं काम. पेट्रोल पंपाबाहेर दोघं भिडले, एकानं बाटली फोडली, दुसऱ्याचा, स्वीडिश बोलणाऱ्याचा, गाल कानापासून हनुवटीपर्यंत उघडला. ज्याचा गाल फाटला त्यानं आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती. योराननं ही बातमी काचघरात ऐकली. टोमॅटो तोडत होता. तोडत राहिला. मीही शेजारच्या ओळीत तोडत राहिले. आम्ही दोघांनी त्या आठवड्यात फार मन लावून काम केलं.

पुढच्या शनिवारी मांसाची वाटणी. ही त्यांची जुनी रीत. शेडमध्ये लांब टेबलावर मांसाचे सारखे ढीग घालतात. एकजण भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, हा कुणाचा? भिंतीकडे बघणारा नाव घेतो. कुठला ढीग ते त्याला दिसत नाही, म्हणून कुणाला तक्रार करता येत नाही. विचारणारा एका भाषेत विचारतो, सांगणारा दुसऱ्या भाषेत सांगतो. भिंतीकडे त्या दिवशी वेइक्को होता. हा कुणाचा? नाव. हा? नाव. सगळे आपापला ढीग पिशवीत भरत होते. मग एका ढिगावर वेइक्को थांबला आणि म्हणाला, "मुस्ती."

भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाचे खांदे हलत होते.

योरान म्हणाला, मी पाटीवर झाडली. एल्क नव्हतं. त्यानं ते स्वीडिशमध्येच सांगितलं, तेवढं मला कळत होतं तोवर.

वेइक्को वळला. फिनिशमध्ये दोनच शब्द विचारले. योराननं मला नंतर सांगितलं, तो विचारत होता, कुठली ओळ. योरान म्हणाला, वरची. वेइक्कोनं त्याला तोंडावर मारलं. एकदाच, डुकरं धरणाऱ्या मुठीनं. योरान टेबलावर पडला, मांसात, आणि त्याच्या तोंडातून दात बाहेर आला. कुणी मधे पडलं नाही. वेइक्को परत भिंतीकडे वळला आणि म्हणाला, पुढचा. उरलेले सगळे ढीग त्यानं वाटले. मग पोलिसांना फोन केला.

तालुक्याच्या गावी पोलिसांकडे योरानला मीच घेऊन गेले, कारण मीही पाहिलं होतं. वाटेत गाडीत सुजलेल्या ओठातून तो म्हणाला, "तू मान हलवलीस. का?" तेव्हा मी त्याला डोळ्याचं सांगितलं. पत्रकाचं सांगितलं. महेंद्रजींचं सांगितलं. तो म्हणाला, "मग तू इथं टोमॅटो का तोडतेस?"

योरानची बंदूक गेली, परवाना गेला, शिकार मंडळ गेलं. वेइक्को त्याच्याशी परत बोलला नाही, कुठल्याच भाषेत. शेजारी आहेत. हे मी सुखांत म्हणून सांगत नाहीये. पण गाल फाटलेल्या पोरावरचा संशय त्या संध्याकाळी संपला, आणि योरान रात्री झोपला असं त्याची बायको म्हणाली.

मी नोव्हेंबरात परत आले. आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर काहीही केलं नाही. हे वाक्य मला टाळायचं होतं. त्या प्रश्नानंतर विमानतळावरून थेट चौकीवर गेले, असं लिहायला किती छान वाटलं असतं. मी खराडीतल्या एका कंपनीत कामाला लागले, शेतकऱ्यांना फोनवर खतं सुचवणारी कंपनी. वातानुकूलित. महेंद्रजींच्या बंद दुकानावरून बस जायची तेव्हा मी फोनमध्ये बघायचे.

या ऑक्टोबरात दादांचा फोन आला. "मोसम सुरू करायचाय. पालिकेच्या निवडणुकीच्या आत. तुझ्यासारखं कोण लिहितं? आणि हो, संपतची साक्ष आहे दिवाळीनंतर. तेव्हा कोर्टाबाहेर वाटायला एक फर्मास पत्रक लागेल."

"काय साक्ष देणार ते?" मी विचारलं.

"काय म्हणजे? तू लिहिलंस तीच."

मग मी संपतकाकांकडे गेले. मंगळवारी, दुपारी. गावठाणातलं दोन खोल्यांचं घर. काकू स्टोव्हवर चकल्या तळत होत्या. काका खाटेवर बसून प्लास्टिकच्या कागदातून अक्षरं कापत होते. एका डोळ्याला अंतर कळत नाही, शिडी सुटली, आता दुसऱ्यांना अक्षरं कापून देतात.

"आलीस व्हय परदेशातनं," म्हणाले. "बस की. अगं, चकली दे तिला."

मी बसले नाही. उभ्या उभ्या सांगितलं. दगड मी मारला. महेंद्रजींनी नाही, त्यांच्या माणसांनी नाही. ते मराठी पाटी बसवतायत हे मला माहीत होतं, तरी मारला.

पुढचं मला नीट आठवत नाही, दंडावरचं सोडून. काकूंच्या हातातला झारा तेलातून निघाला तसाच माझ्या दंडावर बसला. एकदा, दोनदा. त्या रडत नव्हत्या, शिव्या देत नव्हत्या, नुसत्या मारत होत्या. तिसऱ्या वेळी काका म्हणाले, "बास. तेल उतरव आधी, भडकंल."

काकूंनी कढई उतरवली. दंडावर फोड येत होते, मी बघत होते. काकांनी उशाखालून दवाखान्याची पिशवी काढली. तिच्यात फायली, एक्स-रे आणि प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेलं ते पत्रक. उलगडून माझ्यापुढं धरलं.

"हे कुणी लिवलं?"

"मीच."

"डोळ्यांवर पट्टी हुती तवा नातीकडनं चारदा वाचून घेतलं मी हे," काका म्हणाले. "चांगलं लिवलंस. मला खरं वाटलं." मग हलक्या आवाजात: "त्याची बायको डबा घिऊन आलती दवाखान्यात. वरणभात आणलावता. मी डबा तिच्या तोंडावर फेकला. गरम हुता."

काकू भिंतीला टेकून खाली बसल्या.

मी म्हणाले, साक्षीच्या दिवशी मी येते, दिवाळीनंतर, न्यायाधीशांपुढं सांगते. काका माझ्याकडे बघत राहिले, मान थोडी वळवून, जसं आता त्यांना बघावं लागतं. "दिवाळी कशाला मधी आणती? त्यो माणूस दोन दिवाळ्या बसलाय तसा." त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला. काकू म्हणाल्या, कुठं. "चौकीवर," ते म्हणाले. "आन् तिथनं त्याच्याकडं."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. रस्त्याचं काम चाललेलं, दोन्ही कडांना खडी. मी काकांच्या शेजारून चालत होते, डाव्या हातानं दंड धरून. गल्ली संपायच्या आत ते थांबले.

"त्या अंगानं चालू नकोस," म्हणाले. "तिकडनं मला दिसत न्हाई. हिकडं ये, उजवीकडं. चौकी यीस्तोवर तू मला दिसायला पायजेस."

मी उजवीकडे गेले.